हंगामाच्या सणाची शेळी

“बरी झाली तर शेळी देईन, असं म्हणालतीस तू. चर्चच्या पाळकसाहेबांपुढं. झाली का बरी?” शेळी चर्चला द्यायचं बायकोनं काढलं तसा बिभीषणचा आवाज अंगणाबाहेर जात होता.

शिवकन्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. “म्हणालते.”

“मग उपकार कशाचे मानायचे? पोरगी मातीत ठेवून आलो त्याचे?”

“हळू बोल रे,” ओट्यावरून सासू वत्सलाबाई म्हणाल्या. “माझं ऐका, बाजारात नेऊन टाका ती शेळी. दिवसभर वरडती, काळजाला घरं पडत्यात माझ्या.”

“बाजारात न्हाई आन् चर्चमधीबी न्हाई. सपनीची शेळी हाय. म्हातारी हून मरू दे दाव्याला.”

सपनीला, त्यांच्या लेकीला स्वप्नाला, जाऊन सात आठवडे झाले होते. अकरा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून आधी बाभळीच्या शेंगा झोडायला जायची, शेळीसाठी. ताप आला, उतरेना, म्हणून बीडच्या दवाखान्यात नेली आणि नवव्या दिवशी संपली.

येत्या रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण होता. या दिवशी ज्वारी, भोपळे, कोंबड्या, ज्याच्या घरी जे पिकलं-पोसलं ते देवापुढं आणायचं आणि उपासना झाल्यावर आवारात त्याचा लिलाव व्हायचा. शिवकन्या आष्टीकडच्या मेंढपाळाच्या घरातली. प्रभूची प्रार्थना ती सासरी येऊन शिकली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपण दिलेली कोंबडी नवऱ्यानंच बोली लावून परत घरी आणली, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. पुढं मूल व्हायला आठ वर्षं लागली.

आता घरात संध्याकाळची प्रार्थना तशीच चालू होती. पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की शिवकन्येचे ओठ मिटायचे. वत्सलाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या.

आज बोलल्या. “देवाची इच्छा म्हणावं बाई, आन् गप ऱ्हावं.”

“तेच जमंना आत्या.” शिवकन्येनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “दवाखान्यात मी काय केलं, ठावं हाय का? पहिल्या दिवशी कोंबडी बोलले. दुसऱ्या दिवशी शेळी. मग गळ्यातलं डोरलं. शेवटी म्हणलं, तिला ठेव, मला ने. लिलावात वाढवत्यात तसं वाढवत गेले. वाटलं, कुठंतरी तो तीन वार म्हणंल.”

बिभीषण खांबाला टेकला. डोरल्याचं त्याला आजच कळत होतं.

“येडी हायस,” तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

“हाय. आन् सौदा अजून मोडला न्हाई मी. रोज शेळीला पाणी दाखवताना त्याला म्हणते, बघ, तू दिली न्हाईस, मीबी देत न्हाई. देवासंगं असं कुणी वागतं का? तो काय वाण्याच्या दुकानात बसलाय?”

वत्सलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “पोरीची एवढीच तर खूण ऱ्हायली गं.”

“व्हय.”

तव्यावरच्या भाकरीला करपट वास सुटला. तिनं ती हातानंच उलटली आणि भाजलेली बोटं पदरात धरली. मग बिभीषण म्हणाला, “बरं, दे. न्हाई म्हणत न्हाई मी. चर्चमधी बांध. मी बोली लावतो आन् दुपारच्याला घरी घेऊन येतो. तुझंबी झालं, माझंबी झालं.”

वत्सलाबाईंनी आशेनं सुनेकडं पाहिलं.

शिवकन्येनं करपलेली भाकरी आपल्या ताटात ठेवली, दोघांची ताटं वाढली.

“रविवारी शेळी मी नेणार,” ती म्हणाली. “देवासंगं आता सौदा न्हाई, नुसतं द्यायचं. जो घेईल त्याच्या घरी जाईल ती. तुमी बोली लावायची न्हाई.”