येसूबाईची भट्टी

येसूबाई माझ्यावर भडकली ती १९८८ च्या नोव्हेंबरात. तिचं बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह मला होणार नाही.

ती मूळची सातपाटीची. लग्न होऊन खाडीच्या आतल्या अंगाला, भट्टीपाड्यात आली. पंधरा-सोळा घरांचा पाडा. नवरा नामदेव दुसऱ्याच्या होडीवर जायचा. घरचं स्वतःचं म्हणून काही असेल तर ती शिंपल्यांची भट्टी, आणि ती सासूनं सुनेच्या हाती दिली होती. ओहोटीला खाडी उघडी पडली की पाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरायच्या. तिसऱ्या, शिवल्या, कालवं घरी खायची, उरलेली बाजारात न्यायची, आणि टरफलं येसूबाईच्या अंगणात यायची. भरतीनं काठाला टाकलेले जुन्या शिंपल्यांचे ढीगही तिथंच.

धुऊन वाळवलेल्या शिंपल्यांचा एक थर, लाकडी कोळशाचा एक थर, असं गोल भट्टीत भरायचं आणि खालून भात्यानं वारा घालायचा. तासन्‌तास. शिंपला आधी लाल होतो, मग थंड झाल्यावर पांढराफटक दिसतो. हातात घेतला तर आकार शिंपल्याचाच असतो, वजन मात्र जवळजवळ निम्मं झालेलं. त्यावर पाणी मारलं की तो तडतडतो, फुलतो, पाण्याला उकळी फुटते, आणि शेवटी उरतो तो मऊ चुना. अशा चुन्यावर आमच्या किनाऱ्याची घरं, विहिरी, देवळं उभी राहिली. पानात लावायलाही तोच.

सत्तरच्या आसपास माकुणसारला आमच्या वाडीत विहीर बांधायची होती. माझे वडील बळवंतराव तिच्याकडे चुना आणायला गेले, तर तिनं आधी विचारलं की विहिरीला पाहिजे की भिंतीला. विहिरीला म्हटल्यावर तिनं त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. खड्ड्यात महिनाभर मुरल्याशिवाय विहिरीचा चुना मी देत नाय, म्हणाली. वडील चिडले, गवंडी चिडला, पण महिना थांबावं लागलं. त्या विहिरीचा एक सांधा अजून सुटलेला नाही.

तिचा राग पंचक्रोशीला माहीत होता. एका ठेकेदारानं तिच्या चुन्यात राख आणि माती मिसळून शेजारच्या गावातल्या शाळेला गिलावा केला. दुसऱ्या वर्षी तो पोपडे धरून पडला आणि भट्टीपाड्याचा चुना फुसका, असं लोक बोलू लागले. येसूबाई भर ग्रामसभेत गेली. पडलेल्या गिलाव्याचे तुकडे तिनं पाण्यानं भरलेल्या परातीत चुरले आणि तळाला बसलेला गाळ सरपंचापुढे धरला. ठेकेदार तिथंच बसला होता. त्याला तिनं पुन्हा कधी मूठभर चुना दिला नाही.

पुढे सिमेंट सहज मिळायला लागलं आणि भट्टी महिन्यातून एकदाही पेटेनाशी झाली. त्याच सुमारास, १९८५ साली, मी बी.एस्सी. होऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. कारखाना कपड्यांच्या रंगाला लागणारी रसायनं बनवायचा. त्यातून निघणारं पाणी भयंकर आम्लाचं. ते एका टाकीत घ्यायचं, त्यात चुना टाकून त्याची आग मारायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग वरचं पाणी नाल्यानं खाडीत सोडायचं, अशी व्यवस्था होती. चुना लांबून ट्रकनं यायचा आणि वेळेवर येत नसे. येसूबाईचं नाव मीच सुचवलं.

मी तिच्या ओट्यावर बसून तिला सगळं समजावलं. ट्रकनं येतो तो दगडाचा चुना, हे ऐकून तिला पटेना. दगडाचा चुना कसा होईल? मग मी सांगितलं की चुनखडीचा दगड म्हणजे तरी काय, लाखो वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मेलेल्या जीवांची कवचंच एकावर एक साचून घट्ट झालेली.

"म्हंजे ते पण शिंपलेच भाजतात," ती म्हणाली. "आमच्यापेक्षा जुने."

चहा देताना तिनं विचारलं की पाण्यात चुना टाकून मगच खाडीत सोडता ना. मी हो म्हणालो. कप परत घेताना तिनं तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो. तेव्हा ते खरंही होतं. घरांना नको झालेला आपला चुना आता खाडी राखतो, याचा तिला अभिमान वाटायचा. सातपाटीच्या बाजारात ती हे बायकांना सांगत फिरायची.

दीड वर्षानं मॅनेजर बदलला. उत्पादन दुप्पट झालं, टाकी तेवढीच राहिली. चुना कालवायला माणसं लागतात, गाळ उपसायला माणसं लागतात, त्या वेळात माल निघत नाही, असं नव्या मॅनेजरचं म्हणणं. नाल्याचा व्हॉल्व्ह सरळ उघडायला सुरुवात झाली. चुन्याची पोती मात्र येत राहिली, कारण चुना घेतल्याच्या पावत्या दाखवाव्या लागत. सरकारी तपासणीला कोण आणि केव्हा येणार हे कारखान्याला कुठून तरी आधी कळायचं. मग दोन दिवस टाकीत चुना पडायचा, आणि कुंपणाच्या भिंतीला, नारळाच्या बुंध्यांनाही लागायचा. बाकीचे दिवस मी टेबलाशी बसून रजिस्टरमध्ये पाण्याचा पीएच ७.२, म्हणजे आम्ल मेल्याचा आकडा, लिहायचो. पाण्यात आम्ल तपासायचा कागद न बुडवता. नवी नोकरी, नवं लग्न, ही कारणं मी तेव्हा स्वतःला द्यायचो. ती कारणं नव्हती.

काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांत आधी येसूबाईच्या बोटांना कळलं. शिंपले पातळ झाले. पूर्वी दगडानं फोडावा लागणारा कालवाचा शिंपला अंगठ्यानं मोडायला लागला. भट्टीत घातला की त्याचा भुगा होऊन वारा अडायचा. तिची जाऊ हंसा रोज चिखलात उतरायची, तिच्या पोटऱ्यांवर जखमा झाल्या आणि त्या भरेनात. येसूबाईनं मला निरोप पाठवला की एकदा येऊन बघून जा. मी गेलो नाही.

त्या नोव्हेंबरात पोती उतरवायला माणूस नव्हता म्हणून ती स्वतःच टेम्पोबरोबर कारखान्यात आली. स्टोअरवाल्यानं पोती मागच्या पत्र्याखाली लावायला सांगितली. तिथं फाटक्या ताडपत्रीखाली तिला आपलीच पोती दिसली, गेल्या वर्षीपासूनची. तोंडं तिनं स्वतः शिवलेली, तशीच बंद. तिनं एका पोत्याला लाथ मारली, तर पाय दुखावला. चुना असा पडून राहिला की हवेतला वायू ओढून घेत घेत पुन्हा दगड होतो. वर्षभराची तिची मेहनत तिथं दगड होऊन पडली होती.

तिथून ती कुंपणापलीकडे नाल्यावर गेली, आणि मग माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. एका हातात नाल्याच्या पाण्यानं भरलेला पत्र्याचा डबा. कमरेच्या पिशवीतून तिनं एक शिंपला काढला, माझ्या टेबलावरच्या काचेच्या भांड्यात टाकला आणि वर ते पाणी ओतलं. शिंपल्यावर बुडबुडे आले आणि तो फसफसायला लागला.

"ह्ये काय हाय, साहेब?"

मी सांगितलं की आम्ल शिंपल्याला खातंय.

"माजा चुना टाकला असता तर?"

"नसतं खाल्लं, मावशी."

"तुला ठावं होतं?"

ती मला साहेब म्हणायची, अहो-जाहो करायची. त्या क्षणापासून ते संपलं. मी होकाराची मान हलवली.

"माज्या ओट्यावर बसून चा प्यालास तू," ती म्हणाली. "दोनदा इचारलं मी तुला. दोनदा."

आवाज तिनं चढवला नाही. भांड्यातला शिंपला निम्मा विरघळेपर्यंत ती उभी राहिली, मलाही उभं ठेवलं, आणि त्या दिवशी आणलेली पोती पुन्हा टेम्पोत चढवून घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी तपासणी यायची होती. बातमी नेहमीप्रमाणे आधीच आली. मागची पोती दगड झालेली, आणि बाहेरचा ट्रक घाटात बंद पडलेला. मॅनेजरनं भट्टीपाड्याला टेम्पो पाठवला. ड्रायव्हर बिहारचा, बोईसरला राहणारा. तो परत येऊन म्हणाला, "साब, वो बाई बोरी पे बैठी है. उठती नहीं."

मग मॅनेजर स्वतः जीप घेऊन गेला आणि मला बरोबर नेलं, कारण ती माझ्या ओळखीची. पाड्यातल्या बायका ओट्यावर रचलेल्या पोत्यांवर ओळीनं बसल्या होत्या. मॅनेजरनं पाड्याला पाण्याचा नळ देतो म्हटलं. शाळेला पत्रे देतो म्हटलं. येसूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"रोज टाकणार असाल तर आता भरा समदी पोती," ती म्हणाली. "एक दिस दाखवायला माजा चुना मिळायचा नाय."

मॅनेजर म्हणाला, बघू, करू काहीतरी. ती म्हणाली, मग बघा आणि करा, तवर पोती हितंच राहतील. आम्ही रिकाम्या जीपनं परतलो. वाटेत मॅनेजर या बाईला चांगला धडा शिकवायला हवा असं काहीबाही बोलत होता. मी गप्प होतो. गप्प राहायची मला दोन वर्षांची सवय होती.

तपासणीच्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी बावीस बायका उभ्या होत्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. प्रत्येकीपुढे खाडीतल्या पातळ शिंपल्यांची टोपली. तपासणीच्या साहेबांनी नाल्याच्या पाण्यात कागद बुडवला, तो लालभडक झाला. त्यांनी रजिस्टर मागवलं. सगळीकडे ७.२. साहेबांनी विचारलं की हे कसं. मॅनेजर माझ्याकडे बघत होता, आणि टोपलीमागून येसूबाईही. मी म्हणालो, आकडे मी लिहिले, पाणी मी तपासलं नाही, आणि तसं करायला मला सांगितलं होतं. शेवटचं वाक्य अहवालात आलं नाही.

कारखाना अठ्ठावीस दिवस बंद राहिला. सगळा दोष निष्काळजी केमिस्टचा ठरला आणि मला काढलं. ती शिक्षा मला मान्य होती. मान्य नाही ते पुढचं. एकोणतिसाव्या दिवशी कारखाना सुरू झाला, तेव्हा नाला कोरडा होता. पाणी आता जमिनीखालच्या पाइपातून जात होतं, आणि पाइपाचं तोंड भरतीच्या पाण्याखाली. कागद बुडवायला नालाच उरला नाही. या व्यवस्थेला सुधारणा असं नाव मिळालं.

पाड्यातली सहा माणसं त्याच कारखान्यात रोजंदारीवर होती. अठ्ठावीस दिवस त्यांची घरं अर्धपोटी राहिली. त्यांतल्या दोघांनी भरदुपारी येऊन येसूबाईच्या भट्टीचं तोंड पहारीनं फोडलं. ती ओट्यावर बसून बघत राहिली. मी भट्टी बघायला गेलो तेव्हा मला म्हणाली, "त्यांच्यावर कशाला रागवू? त्यांची पण पोटं त्याच नाल्याला बांधलीत." आठवडाभरात तिनं आणि हंसानं भट्टी पुन्हा बांधली.

मी सफाळ्याला शिकवण्या घ्यायला लागलो होतो. दर महिन्याला येसूबाई पाइपाजवळच्या पाण्याची बाटली भरायची, मी अर्ज लिहायचो, आणि ती सरकारी कचेरीत नेऊन द्यायची. उत्तर एकच: नमुना अधिकृत व्यक्तीनं घेतलेला नाही. मग अधिकृत व्यक्ती पाठवा, असा अर्ज आम्ही केला. त्याला उत्तर नाही. असे अर्ज मी एकूण एकतीस लिहिले. दरम्यान खाडीत टोपली भरायला सबंध ओहोटी पुरेनाशी झाली. एडवणच्या किनाऱ्यावरून शिंपले आणून काही दिवस भट्टी चालवली, पण ते परवडणारं नव्हतं. १९९१ च्या मे महिन्यात ती शेवटची पेटली. येसूबाई सातपाटीहून सुकी मासळी आणून बोईसरच्या बाजारात बसायला लागली.

१९९४ मध्ये खाडीकाठच्या गावांची सरकारी पाहणी झाली. एक तरुण पाहणीदार छापील तक्ते घेऊन पाड्यात आला. मी त्या दिवशी तिथंच होतो. त्यानं येसूबाईचं नाव, वय, घरातली माणसं लिहिली, आणि व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच मजुरी लिहिलं. तिनं कागद माझ्याकडे दिला आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"काट," ती पाहणीदाराला म्हणाली.

तो बिचारा समजावू लागला की यादीत शेती, मासेमारी, नोकरी आणि मजुरी एवढंच आहे.

"मजुरी कवा केली मी? भट्टी व्हती माजी. धंदा मारलात, आता नाव पण पुसता?"

ती उठून दाराच्या उंबऱ्यात बसली. त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि अजून नऊ घरं बाकी होती. शेवटी त्यानं मजुरी खोडून बाजूला हातानं लिहिलं: शिंपल्यांपासून चुना भाजणे (बंद). मी तेही वाचून दाखवलं. कंसात काय आहे, तिनं विचारलं. बंद, मी म्हणालो.

"कुणी केला ते लिव."

त्याला जागा नाही, असं तो म्हणाला. तिनं कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. तिनं सांगितलं आणि त्यानं लिहिलं: कारखाना, व्हॉल्व्ह, पाइप, पोती, आणि रजिस्टरात खोटे आकडे लिहिणाऱ्या केमिस्टचं नाव. तिनं माझ्याकडे बोट करून माझं नाव सांगितलं तेव्हा तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला आडनावासकट सांगितलं.