बिबट्या घावला म्हणे

आमच्या घरात मोबाईलवरचं खरं-खोटं मी ठरवायची. सासूबाईंना कुणी लसणाचं औषध पाठवलं की आधी मला दाखवायच्या, आणि मी म्हणायची, "टाका खड्ड्यात." बारावी झालेली मी, तेवढा तोरा होताच.

त्या श्रावणात आळे गावाजवळच्या आमच्या मळ्यात बिबट्या फिरत होता. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं त्यानं गोठ्यासमोरून उचललं. तेव्हापासून लेकीला एकच ताकीद: अवसरीच्या कॉलेजातून आलीस की एसटीतून उतरून डांबरी रस्त्यानंच यायचं, लांब पडलं तरी, आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावून. उसातली पायवाट बंद. कुरकुरायची, पण ऐकायची.

मग एका दुपारी ती पोस्ट आली. पिंजऱ्यात बिबट्या, भोवती माणसं, आणि खाली लिहिलेलं: "आपल्या आळ्याचा पावणा घावला राव! आता पोरंबाळं बिनघोर सोडा." लिहिणारा स्वतःला वन्यजीव अभ्यासक म्हणवत होता, फोटोत गळ्यात कॅमेरा. पण खरं सांगू, मला पटलं ते त्याच्या बोलीनं. वाटलं, परका माणूस असं लिहील का? हा आपल्यातलाच. छापील मराठीत असतं तर मी चार जणांना विचारलं असतं. लगेच लेकीला पाठवलं आणि खाली माझं जोडलं, "घावला एकदाचा. ये आता पायवाटेनं."

चहाला नवरा घरी आला. त्याला कौतुकानं दाखवलं. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि कप खाली ठेवला.

"आगं, ह्यो फोटो आत्ताचा न्हाई. मागं उसाला तुरा आलाय बघ. श्रावणात कुठं तुरा आस्तो? ह्यो थंडीतला हाय."

सारी हयात उसात गेली आणि मला तुरा दिसला नाही! मी नुसती अक्षरं वाचली. लेकीला फोन लावला. वाजत राहिला, उचलेना. परत लावला. एसटी यायची वेळ होऊन गेलेली. नवरा काठी घेऊन पायवाटेकडं धावला, मी मागं. दोन्हीकडून ऊस डोक्याच्या वर. पानं सळसळली की जीव जायचा. देवा, मीच धाडलं की तिला ह्यात.

वळणावर ती समोरून आली. एकटी, पाठीला सॅक, गाणं नाही की काही नाही. मी तिला कवटाळलं आणि पाठीत एक धपाटाही घातला.

"फोन का उचलत नव्हतीस, मेले?"

"सायलेंटवर होता. काय झालं?"

"ते खोटं होतं गं. कुणी लिहिलंय एवढं तरी बघायचंस."

"तू पाठवलेलं होतं आई. मग काय बघायचं? मी मैत्रिणींनापण पाठवलं. म्हटलं, माझी आई कधी फालतू काही पाठवत नाही. त्या दोघी आत्ताच वरच्या मळ्यातनं गेल्या."

वरच्या मळ्यातला ऊस थेट ओढ्यापर्यंत. एकीचं घर अलीकडं, दुसरीचं ओढ्यापल्याड. नवरा तसाच काठी घेऊन पळत सुटला. लेकीच्या फोनवरून मी पहिलीला लावला. "हां काकू, पोचले मी," म्हणाली.

दुसरीचा नुसता वाजत होता.