उभी दुनळी

आमच्या खाडीकाठच्या गावात दुनळी बंदूक म्हणजे दोन नळ्या शेजारी शेजारी, औताला जुंपलेल्या बैलांसारख्या. नळीवर नळी ठेवलेली बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती शेठच्या माळावर. माझा थोरला भाऊ शेजारी उभा होता. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बीए, ही बघ रं. सवतीच्या डोक्यावर सवत बसवलीय." शेठना मराठी चांगलं कळायचं. तेही हसले.

'बीए' हे मला दादाने दिलेलं नाव. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कुणाला खुपलं तर खुपो. दादाने मिठागरात पाट्या वाहिल्या म्हणून मी शिकलो, हेही तितक्याच मोठ्याने सांगतो. मी कल्याणला शाळेत मास्तर झालो आणि दादा मिठागरातून सुटून शेठच्या माळावर कामाला लागला. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं.

घोडबंदर रोड तेव्हा झाडीतून जायचा. त्याच्या कडेला शेठचा मोकळा माळ होता. शेठ कारखानदार माणूस, नेमबाजीचा नाद. दर रविवारी मोटारी यायच्या आणि मातीची कबुतरं मारण्याचा खेळ चालायचा. नाव मातीचं, खरं म्हणजे त्या डांबर-चुन्याच्या काळ्या बशा. खड्ड्यात एक स्प्रिंगचं यंत्र बसवलेलं. त्याच्या दांड्यावर दादा बशी ठेवी, साहेबलोक "पुल!", म्हणजे इंग्रजीत 'ओढ', असं ओरडत, दादा खटका ओढी, बशी आभाळात जाई आणि खाली तिचा चुरा होई. किंवा होत नसे.

"सकालपासून पूल पूल ओरडतात," दादा घरी येऊन सांगायचा, "एक वीट लावली नाय कुणी."

गावात तर थट्टाच. खऱ्या कबुतरांची कमी पडली म्हणून मातीची मारतात, असं माणसं म्हणायची. पण उरलेल्या बशांवर शेठ दादाला बार काढू द्यायचे, आणि दादा त्या पाहुण्यांपेक्षा चांगला मारायचा. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. नेमबाजांच्या या क्लबात एक निवृत्त लष्करी मेजर होते, त्यांनीच शेठना सांगितलं की थंडीतल्या सामन्यात या माणसाला उतरवा. शेठ तयार झाले. सामन्यात नीट खेळला तर दादा खड्ड्यातून वर येणार होता. क्लबाचा कायमचा नेमबाज, नवख्यांना शिकवणारा. नाहीतर मिठागर होतंच. मिठागरात दुपारी डोळे उघडे ठेवणं काय असतं ते ज्याने पांढऱ्या मिठावरचं ऊन पाहिलंय त्यालाच ठाऊक.

उन्हाळा संपत आलेला. एका रविवारी यंत्राच्या दांड्यावरच बशी फुटली आणि तिची कपची दादाच्या उजव्या डोळ्यात घुसली.

ठाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कपची काढली, टाके घातले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा डोळा गेला. आता तो काढून टाका. पंधरवड्याच्या आत. ठेवलात तर तो दुसऱ्या डोळ्यालाही घेऊन जाईल."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. गावदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराचा. तो उचलणारा माणूस अव्यंग पाहिजे: हात, पाय, डोळे, सगळं जाग्यावर. बाप गेल्यापासून तो मान दादाचा.

"डोला दिसत नसंल," आये म्हणाली, "पन हाय ना जाग्यावर? मंग तो अव्यंगच."

"आये, डॉक्टर सांगतोय..."

"डॉक्टर पालखी उचलनार हाय?"

चुलते कोपऱ्यात विडी ओढत बसलेले. ते म्हणाले, "देवानं दिल्यालं कापून फेकाचं, हे कालेजात शिकवतात काय रं?"

मी पुस्तकातलं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, शेवटी ओरडलो. दादा भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यावर पट्टी. त्याला विचारलं तर म्हणाला, "आये म्हनते तसं." त्या घरात मी मिळवलेल्या पदवीला त्या दिवशी कुणी पाटसुद्धा दिला नाही. डोळा राहिला. पट्टी सुटल्यावर तो उकडलेल्या अंड्यासारखा दिसायचा, पण होता जाग्यावर.

पावसाळाभर दादा डाव्या खांद्यावर काठी घेऊन सराव करत होता. उजवा डोळा गेला म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लावायची, मेजरांनी त्याला सांगितलेलं. चुलते म्हणत, "डाव्या हातानं कुनी प्रसाद घेत नाय, हा बंदूक घेतोय." दादा हसून सोडून द्यायचा. गणपतीनंतर माळ वाळला आणि शेठ म्हणाले, "क्लबात ज्याची बंदूक तुला बसेल, तशीच मी मागवतो. राहील माझ्या परवान्यावर, चालवायची तू." सगळ्यांनी आपापल्या बंदुका पुढे केल्या. इंग्रजी कॅटलॉग वाचून अर्थ सांगायला दादाने मला नेलं.

उभी दुनळीच घ्यायची, हे मेजरांनी पहिल्या दिवशीच ठरवलं. शेजारच्या नळ्या एकडोळ्याच्या नजरेसमोर रुंद पसरतात, नळीवर नळी असली की वर एकच पट्टी, तिच्या टोकाला एक मणी, नजर सरळ जाते. मग त्यांनी बंदूक बसते की नाही ते बघायची रीत शिकवली. बंदूक उघडून ती रिकामी असल्याची खात्री करायची. डोळे मिटायचे. गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला टेकवून बंदूक खांद्याला लावायची. मग डोळा उघडायचा. पट्टी आणि मणी आपोआप समोर आले तर बंदूक तुमची. शोधावे लागले तर दुसऱ्याची.

पहिली बंदूक शेठचीच. तिचा दस्ता उजव्या खांद्यासाठी किंचित बाहेर वळवलेला, दादाच्या डाव्या गालाला तो टोचायचा. दुसरी कुणा वकिलाची, लांब नळ्यांची. दादाने ती फिरवून बघितली आणि म्हणाला, "ही बंदूक नाय, नावेचं वल्हं हाय." तिसरी हलकी, पण तिचा धक्का असा की दंड काळानिळा. चौथी जरा बरी बसली. तिने दादाने लागोपाठ बशा फोडल्या. मेजर टाळ्या वाजवत होते, शेठ मला म्हणाले, "मास्तर, तुमचा भाऊ सामन्यात खेळणार." त्या दिवशी आम्ही दोघं घरी येईपर्यंत बोलत होतो.

पुढच्या रविवारी त्याच बंदुकीने त्याला काही लागेना.

"काडतुसं धूर करतात," तो म्हणाला.

ती बिनधुराच्या दारूची होती. मी खोक्यावरचं वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, पट्टीवर ऊन चमकतं. आम्ही पट्टीला काजळी फासली. मग म्हणाला, मणी बारीक आहे. मेजरांनी मोठा पितळी मणी बसवून घेतला. मग म्हणाला, दस्ता उंच आहे, मणी खाली जातो. दस्ता जरा तासला. प्रत्येक वेळी तो आधी मान हलवायचा, "आता बरं हाय," आणि मग बशी अख्खी गवतात पडायची. मी कॅटलॉग उलटत बसलेलो: नळीची लांबी, नळीच्या तोंडाचा आवळपणा, दस्त्याचा उतार. एवढ्या बंदुका, एखादी तरी असेलच, अशी माझी खात्री होती. उजेड खुपतो म्हणून दादा टोपी खाली ओढायचा. मला वाटलं, नेमबाज टोपी ओढतातच.

शेवटी शेठनी मुंबईच्या दुकानदाराकडून दादाच्या मापाची बंदूक करून घेतली. डाव्या खांद्यासाठी वळवलेला दस्ता, मधल्या लांबीच्या नळ्या, मोठा मणी. ती आली तो रविवार लखलखीत होता. मेजरांनी ती उघडून नळ्यांतून आभाळ बघितलं, मिटली, दादाच्या हातात दिली आणि स्वतः त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. पट्टीच्या बरोबर वर डोळा येतो का, हे समोरूनच दिसतं.

"मिटा," ते म्हणाले.

दादाने डोळे मिटले. बंदूक वर आली ती जणू त्याच्या हाडातूनच निघाली. खांदा, गाल, हात, कुठेच खोट नव्हती.

"उघडा."

मेजर वाकून बघत राहिले. फार वेळ बघत राहिले. मग त्यांनी हाताने नळ्या हळूच खाली केल्या आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की, बंदूक अगदी बरोबर बसली आहे, पण याच्या डोळ्यात पाणी आणि लाली आहे, बुबुळ गढूळ झालंय, तुम्ही कुणी बघितलं नाही का.

"काय म्हनला साहेब?" दादाने विचारलं.

"बंदूक बसली म्हणतायत."

"ते मना कलतंय रं. बंदूक बसलीय." त्याने पट्टीवरून हात पुढे फिरवला. "मनी कुठं हाय?"

दादा म्हणाला, "एक सोडा." शेठनी मेजरांकडे बघितलं. मेजरांनी सगळ्यांना मागे घेतलं, स्वतः दादाच्या खांद्यामागे उभे राहिले, काडतुसं भरून दिली. दादाने "पुल!" म्हटलं. खड्ड्यातल्या नव्या माणसाने खटका ओढला. दादाने मान आवाजाकडे वळवली आणि दोन्ही बार काढले, आधी खालच्या नळीचा, मग वरच्या नळीचा. बशी आपल्या वाटेने गेली आणि गवतात बसली.

"लागली?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने बंदूक उघडली, रिकामी काडतुसं काढली आणि दोन्ही हातांनी शेठ होते त्या बाजूला धरली. शेठ जरा उजवीकडे होते. ते सरकून समोर आले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला तेच डॉक्टर. त्यांनी आधी उजवा डोळा बघितला, मग डावा, मग मला. "काढला नाहीत?" ते म्हणाले. "कोण नको म्हणालं?"

मी तोंड उघडलं होतं. आये बाहेर बाकावर बसली होती.

"मीच, साहेब," दादा म्हणाला. मग स्टुलावर जरा पुढे सरकून त्याने विचारलं, "आता काढला तर चालंल?"

डॉक्टर हात धुवायला उठले. पाणी बंद करून म्हणाले, "आता काढून उपयोग नाही."