बरगड्या मी तपासल्या

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कुणी पडलं-धडपडलं की मला हाक मारतात. मंडळाने एका रविवारी प्रथमोपचाराचं शिबिर भरवलं होतं, त्याचं प्रमाणपत्र आईने देवघराशेजारी टांगलंय. तेव्हापासून लोक बोलावतात आणि मी, काडीची लाज न बाळगता, जातो.

गेल्या वर्षी गणपतीआधी बाबा माळ्यावरून मखर काढत होते. वय पंच्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पण शिडी दुसऱ्याने धरली की यांचा अपमान होतो! शिडी सरकली आणि छातीची उजवी बाजू थेट लोखंडी ट्रंकेच्या कोपऱ्यावर आदळली.

रक्ताचा थेंब नाही. झालं! रक्त नाही म्हणजे काही नाही, असा आमच्या मजल्याने निकाल दिला. शेजारच्या काकूंनी हळदीचं दूध आणलं, काकांनी पाठीत एक धपाटा घालून "दणकट आहेत" असं जाहीर केलं. मग मी पुढे सरसावलो. बोटं हलवायला लावली, डोकं चाचपलं, बरगडीवर दाबलं. बाबा कळवळले. "मुका मार," मी म्हणालो आणि आईच्या जुन्या साडीची पट्टी फाडून छाती अशी करकचून आवळली की काकांनी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. श्वास किती भराभर चाललाय, छाती दोन्हीकडून सारखी हलतेय का, हे आधी बघायचं असतं. शिबिरात ते सांगत होते तेव्हा मी खाली वडापाव खात होतो.

तासाभराने बाबांना चहा दिला. साखर कमी पडली होती.

"मेल्या, तुझ्या तोंडात..." एवढं बोलून ते थांबले, धापा टाकल्या आणि भिंतीकडे वळले.

आई आतून बाहेर आली. "ह्यांनी शिवी अर्ध्यावर सोडल्यानी. टॅक्सी आण."

"अगं, मुका मार आहे. मी तपासलंय ना!"

"जळलं तुझं तपासणं! ओठ बघ त्यांचे."

ओठ निळसर पडले होते. माणूस तासभर माझ्यासमोर गुदमरत होता आणि मी ऐटीत बसलो होतो.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा पट्टी कापली. दोन बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाबाहेर हवा साचली होती. छातीत नळी घालावी लागली. थोड्या वेळाने बाबांचा रंग परतला, तशा त्या कडाडल्या, "आधीच श्वास पुरत नव्हता, त्यात छाती आवळलीत? कुणाचं हे डोकं?"

खोटं कशाला सांगू, काकांचं नाव माझ्या जिभेवर तयार होतं.

"मीच... बांधून घेतली," बाबा म्हणाले. "पोरगा... नको म्हणत होता."