दारामागची केसांची पिशवी

आमच्या सासूबाईंना दोन गोष्टींचा भयंकर अभिमान. एक त्यांचा मुलगा, ज्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण तो माझा नवरा आहे. दुसरा त्यांचा अंबाडा. पासष्टीतही मानेवर नारळाएवढा. "माझा एक केस कधी गळला नाही," हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या आणि म्हणताना नेमक्या माझ्या डोक्याकडे बघायच्या.

माझ्या डोक्यावर तेव्हा बघण्यासारखं फार उरलंही नव्हतं. डेंग्यूतून उठले आणि दोन-तीन महिन्यांनी केस जे गळायला लागले ते थांबेचनात. भांग रुंद होत चालला. खांद्यापर्यंत कापून टाकले, तरी तेच. मला खरोखर भीती वाटायची. माझ्या आईचे केस पन्नाशीत गेले आणि त्यानंतर ती एकाही लग्नाला गेली नाही. पदर कपाळापर्यंत ओढून खिडकीत बसायची. मला तसं बसायचं नव्हतं.

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात केस केराच्या डब्यात टाकायचे नाहीत, हा सासूबाईंचा कायदा. फणीतला गुंता बोटावर गुंडाळायचा आणि बाथरूमच्या दारामागे टांगलेल्या पिशवीत टाकायचा. पिशवी भरली की केसांवर भांडी देणारी बाई येते, तिला केस द्यायचे आणि स्टीलचं काहीतरी घ्यायचं. त्या वर्षी माझ्या आजारपणावर एक पातेलं आणि दोन वाडगे आले. त्यातल्याच एका वाडग्यात सासूबाई मला वरण वाढायच्या.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये ब्लाउज शिवण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाते. वरच्या मजल्यावर एक सिंधी आँटी सकाळी बायकांना योगा शिकवायच्या. गेले एकदाची. त्यांनी माझी बट हातात धरून पाहिली आणि विचारलं, "रात को कितने बजे सोती हो?" म्हटलं, मोबाईलची बॅटरी संपली की. "और चाय?" मी बोटांवर मोजायला लागले, तेव्हा त्यांनीच हात वर करून थांबवलं.

मग सुरू झालं. पुढे वाकून डोकं गुडघ्यांकडे न्यायचं, शशांकासनात कपाळ जमिनीला टेकवायचं, कपालभातीत नाकाने फटाफट श्वास सोडायचा. दहाला झोप. चहा दोनच कप. खोबरेल लावायचं ते बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. ओले केस टॉवेलने झोडपायचे नाहीत. आणि रोज पाच मिनिटं दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासायची. "इससे बाल आते हैं क्या?" मी विचारलं. आँटी म्हणाल्या, "पता नहीं. पर उतनी देर मोबाईल तो नहीं पकड़ोगी."

या नखांवरूनच घरात ठिणगी पडली. नखावर नख घासलं की घरात भांडणं लागतात, हे सासूबाईंच्या रक्तातच आहे. मी सोफ्यावर घासायला बसले की त्या पोळ्या लाटता लाटता ओरडायच्या, "बंद कर ते. घर मोडशील." मी म्हणायचे, "आई, नखं गप्प आहेत, भांडताय तुम्ही." मग रीतसर भांडण व्हायचं. म्हणजे त्यांचंच खरं ठरायचं आणि माझं डोकं आणखी फिरायचं.

तीन महिने मी सगळं केलं. खोटं का बोला, झोप छान लागायला लागली, पित्त कमी झालं, फणीतही केस कमी दिसतायत असं वाटायचं. पण ती मेली पिशवी पहिल्यासारखीच फुगत होती. सासूबाईंचा तर एक केस गळत नव्हता, मग त्यात माझ्याशिवाय कोणाचे असणार? रंगावरून कळायची सोय नव्हती, दोघींची काळी मेंदी एकाच पुडीतली. सासूबाई पिशवी हातात तोलून म्हणायच्या, "योगाची डाळ काही शिजलेली दिसत नाही. यंदा पातेल्याला झाकण येईल."

मी जाऊन आँटींवर भडकले. म्हटलं, तुमचा योगा-बिगा सगळा फालतू आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "कंघी देखो बेटा, थैली क्यों देखती हो?" मी पाय आपटत खाली आले आणि दुसऱ्या दिवसापासून जायचं बंद केलं.

त्याच रविवारी केसवाली आली. नेहमीची बाई न बघता वजन करायची, ही नवी होती. शेजारच्या दोघी आमच्या दारातच गप्पा मारत उभ्या होत्या. बाईने गुंडाळ्या मांडीवर सोडवायला घेतल्या, आखूड केस एका बाजूला, लांब दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "ये दो औरत के बाल हैं. छोटे थोड़े हैं, लंबे ज़्यादा." माझे आखूड केस मुठीत मावतील एवढे. पलीकडे हातभर लांब केसांचा ढीग.

"अगंबाई, हे लांब कोणाचे?" शेजारीण म्हणाली.

चौदा वर्षं ऐकलेल्या वाक्याचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी सासूबाईंकडे वळले. त्यांचा हात अंबाड्यावर गेला होता. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तो पार कपाळापर्यंत ओढला. हुबेहूब माझी आई.

"माझेच आहेत," मी म्हटलं. "कापायच्या आधीचे राहिले होते."

"आणि हे आखूडही तुझेच? मग तुझ्या योगाचा उपयोग काय गं?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. माझे केस गळायचे थांबत आलेत हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं आणि ते कोणाला सांगायची सोय उरली नव्हती. असा जळफळाट झाला म्हणून सांगू.

दुपारी नवरा घोरायला लागल्यावर सासूबाई खोबरेलची वाटी घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. अंबाड्याच्या पिना त्यांनी स्वतःच काढल्या. आतून भलंमोठं गंगावन निघालं, ते मांडीवर ठेवलं. खाली त्यांची खरी वेणी होती, करंगळीएवढीही जाड नाही.

"पेरांनी लाव. नखांनी नको," त्या म्हणाल्या. म्हणजे मी घरात बडबडायचे ते सगळं या बाईने तीन महिने ऐकलं होतं.

मी तेल लावत राहिले. माझ्या आईच्या डोक्याला शेवटी शेवटी तिने मला हातही लावू दिला नव्हता, तेच सारखं आठवत होतं. थोड्या वेळाने पुढून खसखस आवाज यायला लागला. वाकून बघितलं, तर सासूबाई पदराखाली नखांवर नखं घासत होत्या.

"आई, भांडण लागेल," मी म्हटलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता असतो तो वर्ग?"