कोरड्या तळ्यात सरकलेली जीप

देवाला हात जोडते, नवरात्रात उपवास धरते, पण भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून कामाला लागणारी मी बाई. या सदरात लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही मला बरेचदा हसूच यायचं. खोटं कशाला बोलू? तरी आज स्वतःच लिहायला बसलेय. कारण हे माझ्यासोबत भर दुपारी घडलं, लख्ख उन्हात.

आम्ही वडवणी तालुक्यातले. गावच्या दूध सोसायटीत मी फॅट तपासायचे. माझे मिस्टर दत्ता त्यांच्या जुन्या डिझेल जीपमधून डोंगरातल्या वाड्यांचं दूध आणून संघाच्या केंद्रावर पोचवायचे. त्या वर्षी दुष्काळ असा की विहिरींचे तळ दिसत होते. वाड्यांना पाणी टँकरचं. त्या टँकरनीच कच्च्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या. मधल्या उंचवट्यावर आमच्या जीपचं पोट टेकायचं आणि चाकं जागेवरच फिरत राहायची. एकदा अशीच अडकली आणि सगळं दूध नासलं. वाडीवरच्या बायका नुसत्या कॅनकडे बघत राहिल्या... ते मला अजून आठवतं.

मग यांनी जीप मांजरसुंब्याला सलीममिस्त्रींकडे नेली. मोठ्या रिमा, मोठे जाड नक्षीचे टायर. स्प्रिंगच्या पाट्यात एकेक पान वाढवून गाडी उचलली, तरी टायर बसेनात, तेव्हा मडगार्डच्या कडा कापल्या. मी बघायला गेले तर जीप ओळखूच येईना. पायरी एवढी उंच झालेली की साडी सावरत चढावं लागलं.

"भाभी, गाडी उंच हो गई है," सलीमभाई म्हणाले, "वळणावर दत्ताभाऊला सांभाळून घ्यायला सांगा."

"आता बघ," हे खुशीत, "कुठंबी अडकायची न्हाई!"

दोन-चार खेपा छान झाल्या. मग एके दिवशी वाडीवरच्या म्हशींच्या दुधाचं फॅट अचानक घसरलं, म्हणून मीही सोबत गेले. परत येताना कॅन भरलेले, ऊन डोक्यावर. हे म्हणाले, "तळ्यातून काढतो. लई वेळ वाचंल."

वाडीखालचा पाझर तलाव तेव्हा पार आटलेला. ओला ठिपकासुद्धा नाही. सगळीकडे भेगाळलेला गाळ, त्यावर वाळून उचललेले मातीचे पापुद्रे. मध्यावर आलो आणि घस्स... घस्स... असा आवाज सुरू झाला. वळताना टायर मडगार्डला घासावा तसा. पण स्टेअरिंग तर सरळ होतं!

यांनी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. "बस तू. बघून येतो," म्हणून खाली उतरले आणि चाकापाशी वाकले.

तेवढ्यात जीप हलली.

धक्का नव्हता. हळूच, एका अंगाला... मग दुसऱ्या अंगाला. मला वाटलं, हेच हलवून बघताहेत. मागे कॅन एकमेकांना लागून टणटण वाजले. आणि खालून आवाज आला — चुबुक, चुबुक — नावेच्या बुडाला पाणी लागतं ना, तसा. मी वाकून बघितलं. खाली त्याच कोरड्या भेगा.

"अहो!" मी हाक मारली. चाकापाशी कोणीच नव्हतं.

हे लांब होते. खूप लांब. माझ्याकडे पळत येत होते, तोंड उघडं, हात वर — ओरडत होते, पण मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी सीटच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसले. उडी मारावी तर पाय उचलेना. मनात एकच — आता हे पोचायचे नाहीत.

मग जीप दण्णकन टेकली आणि त्याच क्षणी यांचा आवाज कानात शिरला. "उतर! खाली उतर आधी!" त्यांनी मला ओढूनच काढलं.

आम्ही मागे वळून बघितलं. नव्या टायरांची नक्षी गाळात ठसठशीत उमटलेली, थेट तळ्याच्या कडेपासून आलेली... आणि मध्येच संपलेली. तिथून पुढे लग्नाचा मांडव पडेल एवढी जागा कोरी. मातीचे पापुद्रे जसेच्या तसे. कोंबडी चालली तरी फुटले असते ते! आणि त्याच्या पलीकडे आमची जीप, आलो त्या दिशेला तोंड करून. चारही चाकं निम्म्यापर्यंत ओली. पाणी टपटप गळून भेगांत जिरत होतं. मी बोट लावलं. गार होतं. शेवाळाचा वास होता.

"कुणाला बोलू नको," एवढंच हे म्हणाले. केंद्रावर जाऊन कॅन उतरवले. दूध चांगलं निघालं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी चाकं उतरवली. मडगार्डला घासल्याची एक रेघ नव्हती. ब्रेकचे ड्रम उघडले तर आतून हिरवट पाणी सांडलं.

"दत्ताभाऊ, पाण्यात घातली व्हती का गाडी?"

"सलीमभाई, पाणी हाय कुठं?" यांनी विचारलं. मिस्त्रींनी फडकं उचललं. पुसून, ग्रीस भरून चाकं परत बसवून दिली.

जीप पुढे बरीच वर्षं चालली, पण तळ्यातून कधीच नाही. गाळाखाली ओल असेल, उन्हाने भोवळ आली असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. पण न उमटलेले ठसे कशाने समजवायचे?

हे सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. पण मागच्या महिन्यात जेवता जेवता यांनी हातातला घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला.

"एक विचारू? त्या दिवशी मी जीव तोडून पळत व्हतो... आन् तू कावून हसत व्हतीस? हात हलवून निरोप दिल्यावानी?"

मी हसले नव्हते. हातही हलवला नव्हता. हे त्यांना सांगितलं — आणि त्या रात्रीपासून ते खोलीतला दिवा मालवू देत नाहीत.

त्यांना जीपमध्ये कोण दिसलं, मला माहीत नाही. विचारायचं धाडसही होत नाही.