दोन बोटे उणे मडके

लोंढ्याला आगगाडीतून उतरून बैलगाडीत बसले, तेव्हा माझ्या मांडीवर आईने दिलेले पितळी पातेले होते आणि मनात कमलच्या पत्राने दिलेला संशय. कमल माझी धाकटी बहीण. मेहुण्यांची जंगलखात्याची नेमणूक कुंभारवाड्याला, आणि ती तिथेच बाळंत झालेली. तिने लिहिले होते, "अशक्तपणा फार आहे, बाळाला दूध पुरत नाही. इथली देवक्का म्हणून एक बाई रोज काळा गोड रस पाजते, त्याने बरे वाटते." काळा रस! बेळगावात बसून ते दोन शब्द मी जितक्यांदा वाचले तितके ते अधिक काळे होत गेले. रस डोळ्यांनी पाहायचा आणि पटला नाही तर लेकरासह कमलला घरी आणायचे, असे ठरवूनच मी निघाले होते.

आश्विनातले ऊन होते, पण रानात शिरताच ते हिरवे झाले. ओल्या पाचोळ्याचा वास, मिरवेलींनी वेढलेले बुंधे, मधेच झाडांआडून चकाकून जाणारी काळी नदी. तिचे नावही मला त्या दिवशी बरे वाटले नाही.

"कुंभारवाड्याला म्हंजे देवक्काकडं व्हय?" गाडीवानाने विचारले.

"तिला ओळखता तुम्ही?"

"तिच्या हातचं खाल्लेलं मानूस घटकाभर बोलत न्हाई बगा." मग माझा चेहरा पाहून तो हसला. "पाक लई दाट असतोय अक्का, टाळूला चिकटतोय!"

मला हसू आले नाही.

कमल माजघरात पडून होती. गालांवर पिवळट छाया. बाळ कुशीत रडून रडून दमलेले. चुलीपाशी बसलेली पन्नाशीची ठेंगणी बाई मला पाहून उठली. हीच देवक्का. तिने आणलेल्या मडक्यात मी डोकावले. रस काळा नव्हता. उजेडात धरला तर गडद तांबूस, वार्निशासारखा चमकदार. वास खजुराचा.

"खजूरच हाय अक्का," ती म्हणाली. "सायबांनी कारवारच्या बंदरातनं चटईचं बोचकं आणलंया. बिया काढायच्या, भिजवायचा, शिजवायचा, फडक्यातनं पिळायचा, मग मंद आचेवर आटवायचा. गूळ नुसता ग्वाड. ह्यात फळाचा जीव हाय."

ती तो नाचणीच्या आंबिलीत घाली. सुंठ आणि तूप मिसळून, ऊन वर आल्यावर, चाटायला देई. दुपारी पोळ्यांवर (तांदळाच्या जाड, जाळीदार घावनांवर) ओती. ते जाळीजाळीतून पाक पिऊन घेत. मेहुण्यांसाठी तिने तवसोळी (किसलेल्या काकडीचा वाफवलेला गोड पदार्थ) केली, तीही गुळाऐवजी ह्याच पाकाची. गुळाच्या वासाने कमलला मळमळे. हा मात्र ती आवडीने घेई. मी स्वतः चाखला. आधी गोडी, मग किंचित धुरकट तुरटपणा, आणि शेवटी जिभेवर कुठल्याशा दूरच्या उन्हाची आठवण. तक्रार करावी असे काही सापडेना. त्यामुळे माझा संशय अधिकच सावध झाला.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरावा सापडला. देवक्का पाक आपल्या घरी करी आणि सकाळी मडके आणून देई. ते दोन बोटे उणे होते. आतल्या कडेवर पाकाची ताजी रेघ होती, आणि देवक्काच्या ओठाच्या कोपऱ्यात तोच तांबूस डाग. तिसऱ्या दिवशीही तसेच.

"तुझ्या तोंडचे ती खाते," मी कमलला म्हटले.

"ताई, तिची रीत आहे ती. विचार तरी तिला."

चोरीला रीत म्हणायची माझी तयारी नव्हती. विचारले नाही. त्या दुपारी बोचक्यातला खजूर काढून आईच्या पातेल्यात मीच पाक केला. घट्ट होऊन गोठू नये म्हणून त्यात दोन लिंबे पिळली आणि पातेले झाकून फळीवर ठेवले. माझ्या हातचा, माझ्या घरच्या भांड्यातला. निर्धास्त झोपले.

सकाळी देवक्का आली. फळीवरचे पातेले पाहून तिने झाकण काढले आणि मी पुढे होण्याआधी पळीभर पाक तळहातावर घेऊन खाल्ला.

"माझ्या देखत!" मी ओरडले.

"मग काय आडून खाऊ?" ती शांतपणे म्हणाली. "बाळंतिणीला द्यायचं ते आदी रांधणारीच्या पोटात जातंय, आमच्यात. आज तुमचं रांधणं, तुमी खाल्ला न्हाई, म्हनून म्या खाल्ला. आता सावली उंबऱ्याला टेकंस्तवर बाईला थेंब द्यायचा न्हाई."

मी वाटी भरून कमलपुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिले, मग अंगणातल्या सावलीकडे, आणि वाटी हळूच खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीने माझ्या हातचे नाकारले. बाळ रडत होते. मला देवक्काचा असा राग आला की तिच्याकडे पाहवेना.

सावली उंबऱ्यापासून हातभर दूर असतानाच देवक्का उठून परसात गेली. ओकारीचा आवाज आला. मी धावले. केळीच्या बुंध्याला धरून ती वाकली होती. पुन्हा पुन्हा. मी पाणी दिले. तिने चूळ भरली, आत आली, आणि पातेले उचलून दारातल्या उजेडात धरले. काठाखाली, पाकाच्या वर, हिरवट कड उमटली होती. तळाची कल्हई जागोजागी उडालेली. त्यात मी लिंबू पिळले होते.

"कळकलंय अक्का," ती म्हणाली. "आंबट पडलं की पितळ सोडत न्हाई."

मी वळून पाहिले. वाटी अजून कमलच्या उशाशी होती.

"भिऊ नगासा. माझं प्वाट रानातलं हाय, दगड बी जिरवतंय. बाईचं कवळं." मग, डोळ्यांत पाणी असतानाच, ती मिस्कीलपणे म्हणाली, "पर रस तुमी चांगला आटवलाय हं. तार बरी आली हुती."

पुढचे पंधरा दिवस मी तिच्याबरोबर मातीच्या मडक्यात पाक आटवला. रोज मी आधी खाई आणि सावलीकडे पाहत उंबऱ्याशी बसे. कमलच्या गालांवरचा पिवळेपणा हळूहळू ओसरला. निघण्याच्या सकाळी ती बाळाला घेऊन दारापर्यंत चालत आली. बाळ पोटभर पिऊन झोपले होते. तिला घरी न्यायचे मी कधी विसरले, ते मला आठवत नाही. देवक्काने आईसाठी एक मडके केळीच्या पानाने बांधून दिले. परतीच्या गाडीत रिकामे पातेले पायाशी होते आणि मडके मांडीवर.

बेळगावास पोचल्यावर पान सोडले. मडके दोन बोटे उणे होते.

आईने चमचा पुढे केला. मी तो तिच्या हातून घेतला, आधी स्वतः खाल्ला, आणि सावली उंबऱ्याला टेकेपर्यंत तिला थांबायला सांगितले. ती माझ्याकडे संशयाने पाहत राहिली.